मुळशीचं पाणी आणि गाडीतली बॅटरी

मुळशी तालुक्यातलं घोटावडे गाव विजेच्या साठवणुकीच्या दोन टोकांमध्ये वसलं आहे. पश्चिमेला मुळशी धरण आणि सह्याद्रीचा कडा उतरल्यावर भिरा. पूर्वेला माण ओलांडलं की हिंजवडी. एका टोकाला पाण्यातून वीज साठवतात, दुसऱ्या टोकाला मिठातल्या सोडियममध्ये ती साठवायची विद्या तयार होते आहे.

आधी पश्चिमेकडचं नवल पाहू. मुळशी जलाशयाचं पाणी पूर्वेला मुळा नदीत सोडून न देता डोंगर पोखरून पश्चिमेला वळवलं आहे. ते सुमारे अर्धा किलोमीटर खाली कोसळतं आणि रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्यात वीज तयार करतं. १९२७ पासून हे चालू आहे. १९९७ मध्ये तिथे १५० मेगावॉटचा एक संच बसला, तो उलटही चालतो. विजेची मागणी कमी असते तेव्हा तो खालचं पाणी पुन्हा डोंगरावर चढवतो आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडतो. शंभर युनिट खर्चून पाणी वर चढवलं तर त्यातली ७५ ते ८० युनिटं परत हाती येतात. अख्खा डोंगर इथे बॅटरीचं काम करतो!

आता हिशोब करा. एक हजार लिटर पाणी ५०० मीटर खाली आलं तर त्यातून जास्तीत जास्त सव्वा ते दीड युनिट ऊर्जा मिळू शकते. रांजणगावात तयार होणारी टाटा नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यात ३०.२ युनिटची बॅटरी होती. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून उरेल इतकं पाणी मुळशीहून भिऱ्याला सोडल्यावर जेवढी ऊर्जा मिळेल, तेवढी त्या गाडीच्या सीटखाली मावते. शिवाय शंभर युनिट भरली तर नव्वदच्या वर परत मिळतात.

हे जमतं कसं? एका सेलच्या आत डोकावू. एका बाजूला तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियम लोह-फॉस्फेटचा. मध्ये सच्छिद्र पडदा आणि आयन वाहून नेणारा द्रव. चार्जिंगला लावलं की लिथियमचे आयन फॉस्फेटमधून सुटतात, पडद्यातून पलीकडे जातात आणि ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात. तिथे कार्बनच्या सहा अणूंमागे लिथियमच्या एकाला जागा मिळते. इलेक्ट्रॉनना मात्र पडद्यातून वाट नाही, त्यांना बाहेरच्या तारेनेच जावं लागतं. गाडी निघाली की आयन आतून परततात, इलेक्ट्रॉन बाहेरून, आणि जाता जाता मोटर फिरवतात. एका सेलचा दाब जेमतेम सव्वातीन व्होल्ट. असे शंभरेक सेल एकापुढे एक जोडले की तीनशेच्या वर व्होल्ट होतात. ही ये-जा हजारो वेळा होते, तरी आतला सांगाडा टिकून राहतो. ज्यांच्या संशोधनातून हे साधलं त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ताम्हिणीचा घाट उतरताना तर ही गाडी भिऱ्याच्या पाण्यासारखीच वागते. दीड टनाची गाडी ५०० मीटर खाली आली की सुमारे दोन युनिट ऊर्जा मोकळी होते. पेट्रोलच्या गाडीत तिची ब्रेकमध्ये आणि इंजिनात उष्णता होऊन जाते. विजेच्या गाडीत उतारावर मोटरच जनित्र बनते आणि त्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत भरते.

पूर्वेकडचं नवल नवं आहे. हिंजवडीच्या केपीआयटी कंपनीने पुण्याच्या आयसर संस्थेबरोबर विकसित केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्र डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. सोडियम लिथियमपेक्षा जड, म्हणून तेवढ्याच विजेसाठी बॅटरीही जड होते. पण लिथियमसाठी परदेशाकडे पाहावं लागतं आणि सोडियम कोकणच्या मिठागरातल्या मिठातही आहे. घरात किंवा शेतावर एका जागी ठेवायच्या बॅटरीला वजनाची काय अडचण?

विज्ञान एवढं पुढे आलं आहे. अडतं आहे ते नियमांपाशी, आणि नियम करणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे.

पहिली बाब कराची. गाडीत बसवून विकलेल्या बॅटरीवर गाडीबरोबर ५ टक्के जीएसटी लागतो. तीच लिथियम बॅटरी वेगळी घेतली तर १८ टक्के. बॅटरीशिवाय गाडी विकायला आणि तिची नोंदणी करायला केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने १२ ऑगस्ट २०२० रोजीच मुभा दिली. त्यामुळे गाडी स्वस्तात घेऊन बॅटरी भाड्याने वापरायची वाट खुली झाली, पण कराने ती पुन्हा अरुंद केली. जीएसटी परिषदेने दोन्हीकडे एकच दर लावावा.

दुसरी बाब विजेच्या वेळेची. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांतली वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के स्वस्त हवी. दुपारच्या उन्हातली वीज साठवायला दारात उभ्या गाडीइतकी सोयीची जागा नाही. राज्य वीज नियामक आयोगाने ही सवलत गावातल्या घरगुती चार्जिंगपर्यंत साध्या, समजेल अशा रूपात पोचवावी. सोसायटीत स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवण्याचा रहिवाशाचा हक्कही निःसंदिग्ध लिहून द्यावा.

तिसरी बाब बॅटरीच्या तब्येतीची. आगीपासून सुरक्षिततेची मानकं आपल्याकडे आहेत. एका सेलने पेट घेतला तरी गाडीतल्या माणसांना बाहेर पडायला किमान पाच मिनिटं आधी इशारा मिळाला पाहिजे, असा निकष चारचाकींना लागू आहे. पण जुनी गाडी घेणाऱ्याला बॅटरीत किती दम उरला आहे हे कळण्याची खात्रीची सोय नाही. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून अशा बॅटरींना डिजिटल ओळखपत्र सक्तीचं होत आहे. तशी नोंद आपल्याकडे आली, तर गाडीतून निवृत्त झालेली बॅटरी कोणत्या घराच्या किंवा पंपाच्या कामाला लावता येईल हे नेमकं ठरवता येईल.

मुळशीकरांचा या मागणीवर विशेष हक्क आहे. धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह झाला. तरी धरण झालं, गावं बुडाली आणि वीज मुंबईला गेली. आता साठवलेली वीज एका खोक्यात मावते आणि घोटावड्याच्या कुठल्याही घरात ठेवता येते. ती तिथे परवडेल की नाही, हे यापुढे नियमच ठरवणार आहेत. वीजदरांचे प्रस्ताव आयोगापुढे येतात तेव्हा कोणत्याही ग्राहकाला लेखी सूचना आणि हरकती देता येतात. पुढच्या सुनावणीत मुळशीतूनही अर्ज गेले पाहिजेत, आणि त्यांत बॅटरीची मागणी ठळक लिहिलेली असली पाहिजे.