घंगाळाची कडी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नेरच्या आमच्या जुन्या घरी भंगारवाला आला. ओसरीच्या खांबाला त्यानं वजनकाटा अडकवला आणि म्हणाला, ‘काढा साहेब, काय काय हाय ते.’ मी बँकेत होतो हे गावातले लोक अजून विसरलेले नाहीत, म्हणून ‘साहेब’. पण त्या दिवशी साहेबांना पहिली वस्तू उचलून काट्यावर ठेवायलाच अर्धा तास लागला.

नेर म्हणजे नेर परसोपंत. यवतमाळहून अमरावतीला जाताना लागणारं तालुक्याचं गाव, कापसाच्या मुलखातलं. मातीच्या जाड भिंतींचं, कवेलूंचं आमचं घर आजोबांनी बांधलेलं. बाबा गेल्यावर आई तिथं एकटीच राहिली. २०२१ च्या पावसाळ्यात तीही गेली. त्यानंतर घराला कुलूप. मी निवृत्तीनंतर यवतमाळला, धाकटा भाऊ पुण्याला, ताई अमरावतीला. भिंतींना ओल आली, कवेलू सरकले, एका पावसाळ्यात मागची पडवी बसली. शेवटी घर विकायचं ठरलं. घेणाऱ्याची एकच अट होती, घर रिकामं करून द्या.

रिकामं करा म्हणणं सोपं असतं. माळ्यावर काय नव्हतं! तिफणीचं एक चाडं, दोन डवऱ्यांच्या पासा, फुटकी कणगी, बाळंतिणीची बाज, तीन कंदील, गुंडाळलेली सतरंजी, उंदरांनी कुरतडलेली पंचांगं, धान्य मोजायची पायली. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक वजनमापं आली. आमच्या घरात ती पायली त्यानंतरही पंचवीस वर्षं चालली. आणि एका पत्र्याच्या पेटीत बाबांचे कागद. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. त्या पहिल्या हंगामापासूनची एकूण एक पावती बाबांनी तारेत ओवून ठेवली होती. कापूस कधीच विकला गेला, पैसे आले, खर्च झाले, योजनाही संपली. पावत्या मात्र जागेवर.

मला हसू आलं, कारण अडतीस वर्षं मी याच्या बरोबर उलट काम केलं. बँकेत जुनं रेकॉर्ड किती वर्षं ठेवायचं याचे नियम आहेत. १९८५ च्या नियमांप्रमाणे काही वह्या पाच वर्षं जपायच्या, काही आठ वर्षं. मुदत संपली की यादी करायची, वरिष्ठांची सही घ्यायची आणि नष्ट करायच्या. कुणाला वाईट वाटत नाही. घराला असा नियम नसतो. घरातल्या वस्तूची मुदत कधी संपली, हे सही करून सांगणारा अधिकारीच नसतो.

तरी कागदांच्या बाबतीत घाई करू नका, असं मी वाचकांना कळकळीनं सांगेन. खरेदीखत, फेरफार, जुना सातबारा, वाटणीपत्र, आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, मोडीत लिहिलेला कुठलाही कपटा रद्दीत टाकू नका. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला आणि लोकांनी माळ्यावरच्या पेट्या खाली उतरवल्या. आदल्या वर्षी ज्यांनी त्याच पेट्या रद्दीवाल्याला दिल्या असतील, त्यांचं काय झालं असेल? कापसाच्या पावत्या मात्र गेल्या. भावानं त्यांचा फोटो तेवढा काढून घेतला.

लोखंड गेलं, पत्रा गेला. मग पितळेची पाळी आली, आणि तिथं आमचं अडलं.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे. लग्नात मामानं दिलेल्या पातेल्यावर मामाचं नाव, तारीख, कधी गावसुद्धा. ठोके देऊन उठवलेली ती ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. त्यामुळे भांड्यांची फळी म्हणजे घराण्याचं एक रजिस्टरच असतं. पण भंगारवाल्याच्या लेखी ती सगळी ‘मोड’. मोडीचा भाव ठरलेला. त्यात घडणावळ धरत नाहीत आणि नावही धरत नाहीत. त्यानं एक कळशी उचलली, बोटानं टिचकी मारली आणि म्हणाला, ‘कल्हई गेली साहेब, आता कोन वापरते हे?’ खरं होतं. नेरमध्ये कल्हईवाला शेवटचा कधी आला होता, ते मला आठवेना.

मोड हा शब्द मी त्याच ओसरीवर पूर्वी एकदा ऐकला होता. १९८८ ची गोष्ट. मी सुट्टीवर आलो होतो. तेव्हा स्टीलचं वेड होतं. पितळ घासून बायकांचे हात जात आणि स्टील आपलं नुसत्या पाण्यानं चकचकीत. आई चार दिवस माहेरी गेली होती. न्हाणीत तिचं घंगाळ होतं. १९५७ साली तिच्या वडिलांनी लग्नात दिलेलं, साडेसात किलोचं, एका बाजूची कडी निखळलेलं. मला वाटलं, आईचा त्रास कमी करावा. मी ते मोडीत घातलं आणि आलेल्या पैशात थोडे स्वतःचे टाकून स्टीलचं मोठं पिंप आणि मिक्सर आणला. आई आली. न्हाणीत गेली. बाहेर येऊन म्हणाली, ‘बरं केलं. जड होतं.’

मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. इतका, की पुढे माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक प्रकरणच्या प्रकरण मी त्या घंगाळावर लिहिलं. चुलीचा धूर, पहाट, घंगाळातलं कढत पाणी, दिवाळीचं उटणं. वाचकांची पत्रं आली, ‘आमच्या आजोळची आठवण झाली’ म्हणून. ती पत्रं मी आईला वाचून दाखवली. ती ऐकून घेई. लेखक लोक वस्तू आधी विकतात आणि मग तिच्यावर लिहितात, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईनं आईची ट्रंक उघडली. वर नऊवारी पातळं, त्याखाली आमच्या शाळेची प्रगतिपुस्तकं, एका डबीत बाबांच्या सदऱ्याची बटणं. आणि अगदी तळाशी, जुन्या खणाच्या तुकड्यात बांधलेली एक पितळेची जाड कडी. मी ती हातात घेतली आणि विचारलं, ‘हे कशाचं?’

ताई माझ्याकडे बघतच राहिली. ‘खरंच ओळखलं नाहीस?’

घंगाळाची निखळलेली कडी. तांबटाकडून डाग देऊन घ्यायची म्हणून आईनं ती काढून ठेवली होती. घंगाळ गेलं, कडी राहिली. तेहतीस वर्षं. मी म्हणालो, ‘पण तीच म्हणाली होती, बरं केलं.’ ताई म्हणाली, ‘मग काय म्हणणार होती? तू तिला विचारलं होतंस का? माझ्याकडे यायची तेव्हा दर खेपेला एकदा तरी सांगायची. बाबांनी दिलेली तेवढी एक वस्तू होती गं, म्हणायची.’ भाऊ मध्ये पडला, ‘जाऊ दे ना ताई, आता काय त्याचं.’ तिनं दोघांनाही जुमानलं नाही. खूप वर्षांचं साचलेलं होतं, ते बाहेर पडलं. त्यात घंगाळापलीकडचंही बरंच काही होतं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मनात आली ती कस्तुरबांची गोष्ट. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ साली तिथं, म्हणजे तेव्हाच्या शेगावात, राहायला गेले. शाळेच्या सहलीत आम्हाला बापूकुटी दाखवली होती आणि गुरुजी म्हणाले होते, बघा, थोर माणसाला किती कमी वस्तू लागतात. पण त्या कमी वस्तूंच्या आधी एक भांडण झालं होतं, ते गुरुजींनी सांगितलं नाही. गांधीजींनी स्वतःच ते आत्मकथेत प्रामाणिकपणे लिहिलं आहे. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून निघताना लोकांनी त्यांना भेटी दिल्या. त्यांत कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. सेवेचा मोबदला घ्यायचा नाही म्हणून हे सगळं परत करायचं, असं गांधीजींनी रात्रभर येरझाऱ्या घालून ठरवलं. आधी मुलांना पटवलं. मुलं लगेच तयार झाली. मग बायकोकडे गेले. कस्तुरबा रडल्या, भांडल्या. तुम्हाला नको असेल, मुलांना तुम्ही शिकवाल तसं ती नाचतील, पण उद्या सुना येतील त्यांचं काय? आणि माझ्या हाराबद्दल बोलणारे तुम्ही कोण, असा त्यांचा सवाल होता. तुमच्या सेवेत माझं राबणं नव्हतं का, हाही. गांधीजी लिहितात, की त्यांनी कशीबशी संमती मिळवली. दागिन्यांचा ट्रस्ट झाला आणि ते बँकेत ठेवले गेले. पुढे कस्तुरबांनाही ते पटलं, असं त्यांनी म्हटलं आहे. असेल. पण ते आपल्याला त्यांच्याच लेखणीतून कळतं.

मी काही गांधीजींच्या पासंगालाही पुरणारा नाही. पण निदान त्यांनी विचारलं तरी होतं.

अलीकडे घर आवरण्यावर पुस्तकं निघतात. स्वीडनच्या मार्गारेटा मॅग्नुसनबाईंचं एक पुस्तक २०१७ साली जगभर गाजलं. आपल्यामागे मुलांना उपसा करावा लागू नये म्हणून म्हाताऱ्यांनी आपल्या हयातीतच पसारा आवरावा, असं त्या सांगतात. सल्ला चांगलाच आहे. आपल्याकडे मात्र हयातीत आवरायला घेतलं, की मुलंच म्हणतात, ‘असं काय अभद्र बोलतेस आई!’

दुसरं टोक पुण्याच्या दिनकर केळकरांचं. १८९६ ते १९९० असं दीर्घ आयुष्य लाभलेला हा कवी माणूस वाड्यावाड्यांतून हिंडून अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी गोळा करत राहिला. लोकांनी अडगळ म्हणून काढलेलं त्यांनी जपलं आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहाला दिलं. पुढे हजारो वस्तूंचा तो संग्रह त्यांनी सरकारला देऊन टाकला. मी तो दोनदा पाहिला आहे. बाहेर पडताना दर वेळी वाटलं, आता आपणही काही टाकू नये. पण घर म्हणजे संग्रहालय नव्हे, आणि आमची तर पडवीसुद्धा पडली होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही पद्धत बदलली. भंगारवाल्याला दुपारी यायला सांगितलं. एकेक वस्तू ओसरीवर आणायची आणि तिघांनी ‘कुणाला हवी?’ असं विचारायचं. भाऊ गमतीनं म्हणाला, ‘हे तर तुझ्या लॉकरसारखं झालं.’ खरंच तसं होतं. लॉकरधारक गेला की नामनिर्देशित वारसासमोर, साक्षीदारांच्या उपस्थितीत लॉकर उघडतात आणि यादी करतात. अशा एका लॉकरमध्ये दागिन्यांच्या डब्यामागे एक तान्ह्या बाळाचं झबलं निघालं होतं. मी यादीत लिहिलं, ‘झबलं, सुती, एक’. साठीच्या पुढच्या दोघी बहिणी समोर होत्या. दागिन्यांची वाटणी त्यांनी पाच मिनिटांत केली. झबल्यापाशी दोघीही थांबल्या. ते कुणाचं, हे दोघींनाही माहीत नव्हतं, आणि सांगणारी गेली होती.

म्हणून ओसरीवर आम्ही फोटोंपासून सुरुवात केली. ताईला जेवढे चेहरे ओळखता आले, तेवढी नावं पेन्सिलीनं मागे लिहिली. अकरा फोटोंतली माणसं कुणालाच ओळखता आली नाहीत. पायली भावानं पुण्याला नेली. त्याची सून तिच्यात कुंडी ठेवणार आहे म्हणे. ठेवू दे. जातं कुणीच नेलं नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘हळदीच्या लग्नघरी लागते जी, आमच्याकडे ठेवा.’ आता गल्लीत लग्न निघालं, की ते निघेल. तान्ह्या पोळ्याचे आमचे तीन लाकडी बैल होते, एकाचं शिंग मोडलेलं. ते शेजारच्या नातवंडांना दिले. पोरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘बोजारा किती भेटते?’ माझ्या कादंबऱ्यांची दोन गठ्ठे हस्तलिखितं मी स्वतः काट्यावर ठेवली. कुणी हरकत घेतली नाही, हे जरासं लागलं.

पितळेचं काय केलं? नावाची भांडी ज्याच्या नावाची त्याच्या घरी पोचवायचं ठरलं. मामाची मुलं दारव्ह्याला असतात. त्यांनी पातेलं आनंदानं घेतलं. आत्याच्या घरून मात्र फोनवर निरोप आला, ‘आम्हीच आमचं काढतोय, आता आणखी कुठं ठेवू?’ ते मोडीत गेलं. विचारून गेलं, एवढंच.

संध्याकाळी ताई अमरावतीच्या गाडीला निघाली. ती कडी अजून ओसरीवर, खणाच्या तुकड्यावर पडलेली होती. त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. मी म्हणालो, ‘ताई, ही मी नेऊ का?’

तिनं थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, ‘नाही.’

कडी पुन्हा त्याच खणात बांधून तिनं पिशवीत ठेवली. मी तिची दुसरी पिशवी उचलली आणि आम्ही स्टँडकडे चालायला लागलो.