वाफेवरील अबकारी

दारू, अफू, तंबाखू या जिनसांवर सरकार कर घेतें ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. अबकारी या शब्दांतील ‘आब’ म्हणजे पाणी. मद्य गाळण्याच्या धंद्याशीं तो प्रथम जडला आणि मग इतर अमली जिनसांपर्यंत पसरला. परंतु वाफेवर कर बसवावयाचा झाल्यास तो मोजावयाचा कशानें? सिगारेटी गणतां येतात, दारूचा कडकपणा जोखतां येतो. ई-सिगारेटमध्यें मात्र तंबाखू जळत नाहीं. नळींतला द्रव विजेच्या तारेनें तापतो आणि त्याची वाफ ओढणाऱ्याच्या छातींत जाते. हा पेच कॅनडाच्या सरकारनें २०२२ सालीं कसा सोडविला, आणि त्यापायीं कारखानदारावर व परदेशांतून माल आणणाऱ्या व्यापाऱ्यावर कोणतीं बंधनें आलीं, तें आज पाहूं.

कॅनडानें वाफेचा नाद सोडला आणि तिच्या मुळाशीं असलेला द्रव धरला. २००१ च्या अबकारी कायद्यांत मद्य, तंबाखू व गांजा यांच्या पंक्तीस हा द्रव १ ऑक्टोबर २०२२ पासून येऊन बसला. पहिल्या १० मिलिलिटरपर्यंत दर २ मिलिलिटरांस १ डॉलर आणि त्यापुढें दर १० मिलिलिटरांस १ डॉलर असा दर ठरला. १ जुलै २०२४ रोजीं एकाचे १.१२ डॉलर झाले. द्रवांत निकोटिन किती, हा प्रश्न येथें विचारलेलाच नाहीं. तें मुळींच नसलें तरी कर आहे, आणि कायद्यानें घातलेल्या कमाल मर्यादेइतकें, म्हणजे मिलिलिटरमागें २० मिलिग्रॅम, असलें तरी कर तेवढाच. रसायनशाळेची पायरी न चढतां केवळ मापावरून कर ठरावा, एवढी सोय यांत साधली आहे. न्याय साधला कीं नाहीं, हें वेगळें; सौम्य आणि कडक यांस एकाच तागडींत घालणें मला तरी खटकतें.

खरी मेख आहे ती ‘किंवा त्याचा अंश’ या शब्दांत. दोन मिलिलिटरांच्या नळीस २०२४ च्या दरानें १.१२ डॉलर पडतात. कोणीं अडीच मिलिलिटरांची नळी बनविली तर ती चारांची धरावी लागते आणि कर होतो २.२४. शिवाय हिशेब प्रत्येक भांड्याचा स्वतंत्र. तीस मिलिलिटरांची एक बाटली घ्या. पहिल्या दहांचे ५.६० डॉलर, उरलेल्या विसांचे २.२४, एकूण ७.८४. तोच द्रव दहा-दहांच्या तीन बाटल्यांत भरला कीं प्रत्येकीस ५.६०, म्हणजे एकंदर १६.८० डॉलर! बाटलीचा आकार हा तेथील कारखानदाराच्या दृष्टीनें केवळ देखणेपणाचा विषय राहिलेला नाहीं.

आतां कारखानदार म्हणावें कोणाला? मोठमोठीं यंत्रें लावून बाटल्या भरणारा तर झालाच. पण माल तयार करण्याच्या कोणत्याहि पायरीस, उपकरणांत द्रव भरण्याससुद्धां, कायदा उत्पादन समजतो. गिऱ्हाइकासमोर दोन स्वाद मिसळून देणारा कोपऱ्यावरचा छोटा दुकानदारहि त्यामुळें एका दिवसांत कारखानदार ठरला. त्यानें महसूल खात्याकडून, म्हणजे कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीकडून, परवाना काढावा, तारण ठेवावें, किती द्रव आला, किती भरला, किती वायां गेला याची नोंद ठेवावी, आणि प्रत्येक महिन्याचें विवरण पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत द्यावें. मोठ्या कंपनीस यासाठीं चार कारकून नेमतां येतात. छोट्याला तें कोठून जमणार? पुष्कळांच्या बाबतींत हाताने मिसळण्याचा धंदा सोडून तयार माल विकणें हाच शहाणपणाचा मार्ग उरतो.

देशांत बनलेल्या मालावर कर बसतो तो विक्रीच्या वेळीं नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या हातीं जावयाच्या रूपांत माल बांधला जातो त्या वेळीं. माल सहा महिने फळीवर पडून राहिला तरी सरकारचे पैसे आधीं द्यावे लागतात. पुढें विक्रीकर लागतो तो अबकारी धरून झालेल्या किंमतीवर. करावर कर म्हणतात तो हा.

कर लागल्याची साक्ष म्हणजे पुडीवर चिकटविलेला अबकारी मुद्रांक. तो ठळक जागीं हवा आणि पुडी उघडण्याच्या ठिकाणीं मोहोरेसारखा बसलेला हवा. मुद्रांक महसूल खातें देतें. ते उसने देतां किंवा विकतां येत नाहींत, आणि हरवले तर त्यांचा जाब द्यावा लागतो. आयात करणाऱ्यानेंहि आधीं खात्यांत नांव नोंदवून ते मिळवावयाचे असतात, कारण बिनमुद्रांकाचा माल सरळ बाजारांत जाऊं शकत नाहीं. त्यावरील कर सीमेवरच घेतला जातो. दुकानदारांना जुना साठा संपविण्यासाठीं २०२२ च्या डिसेंबरअखेरपर्यंत मुदत दिली होती. १ जानेवारी २०२३ पासून मुद्रांकावांचून विक्री हा गुन्हा झाला. निर्यातीचा माल मात्र यांतून सुटतो.

येथवर हिशेब एकपदरी होता. १ जुलै २०२४ रोजीं ऑन्टॅरियो, क्वेबेक, वायव्य प्रदेश व नुनावूत, आणि १ जानेवारी २०२५ रोजीं आल्बर्टा, मॅनिटोबा, न्यू ब्रन्स्विक, प्रिन्स एडवर्ड बेट व युकॉन हे या योजनेंत सामील झाले. केंद्राइतकाच कर तेथें पुन्हां लागतो. आपली तीस मिलिलिटरांची बाटली टोरांटोंत १५.६८ डॉलरांच्या कराची होते. मुद्रांकहि त्या त्या प्रांताचा लागतो. कोणत्या प्रांतांत किती माल खपेल याचा अदमास बाटली बांधतांनाच घ्यावा लागतो, आणि तो चुकला तर एकीकडे टंचाई व दुसरीकडे न विकतां येणारा साठा, अशी व्यापाऱ्याची कोंडी होते.

हिंदुस्थानांत हा हिशेब उद्भवतच नाहीं. सप्टेंबर २०१९ मधील वटहुकुमानें आणि त्याच वर्षीं झालेल्या कायद्यानें ई-सिगारेटचें उत्पादन, आयात, निर्यात, विक्री व जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. ज्यांचीं मुलेंबाळें टोरांटो वा व्हँकुव्हर येथें स्थायिक आहेत अशा आपल्यांतील कुटुंबांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं तेथें रीतसर मुद्रांक लावून विकत घेतलेलें उपकरण मुंबईच्या विमानतळावर उतरतांच बंदी असलेली वस्तु ठरतें. तेथील पावती येथें उपयोगी पडत नाहीं.