पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी नेमकं काय झालं?

‘पहाटेचा शपथविधी’ म्हटलं की आपल्याला आठवतात ते मीम्स. २३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण शाळेत असतील. पण खरं सांगायचं तर शपथविधी पहाटे झालाच नव्हता, तो झाला सकाळी आठच्या सुमारास. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी झालं ते वेगळंच: महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली. त्यावर मीम झालं नाही. व्हायला हवं होतं.

निकाल २४ ऑक्टोबरला लागला होता. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. युती फिसकटली, सरकार बनेना. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी एकेका पक्षाला विचारायला सुरुवात केली. राष्ट्रवादीला १२ नोव्हेंबरच्या रात्री साडेआठपर्यंत वेळ होती, पण ती संपायच्या आतच शिफारस दिल्लीला गेली आणि राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांची सही झाली. कलम ३५६ लागू. अकरा दिवसांनी ते त्याच वेगानं काढून घेतलं.

आता मुद्दा बघा. राजवट लावायची किंवा उठवायची तर राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. मग त्या रात्री केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक कधी झाली? झालीच नाही. केंद्र सरकारच्या कामकाजाचे १९६१ सालचे नियम आहेत, त्यातला बारावा नियम पंतप्रधानांना तातडीच्या वेळी ठरलेली पद्धत बाजूला ठेवायची मुभा देतो. मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर घेतली तरी चालते. त्या पहाटे तोच नियम वापरला गेला.

हा नियम याआधी एकदा फार मोठ्या कामासाठी वापरला गेला होता. २५ जून १९७५ ची रात्र. पंतप्रधान इंदिरा गांधींनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना पत्र पाठवलं. त्याचा आशय असा, की विषय मंत्रिमंडळापुढे ठेवायला हवा होता पण आज रात्री ते शक्य नाही, म्हणून नियम १२ खाली पुढे जात आहोत. राष्ट्रपतींनी सही केली. मंत्र्यांना कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत. तोवर अटका सुरू झालेल्या होत्या.

दोन्ही घटना एकाच तराजूत घालू नका. एकीकडे देशभर २१ महिने आणीबाणी, दुसरीकडे एका राज्यातली अकरा दिवसांची राजवट. पण सही मिळवण्याचा रस्ता एकच होता, हे विसरता येत नाही.

आणीबाणी म्हणजे आपल्या जिल्ह्यापासून लांबची गोष्ट वाटते ना? परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे आणि अंबाजोगाईचे प्रमोद महाजन, कॉलेजपासूनचे दोस्त. १९७५ मध्ये दोघंही पंचविशीचे, म्हणजे तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. दोघंही तुरुंगात गेले. मुंडे होते नाशिकच्या कारागृहात. शहा आयोगाच्या हिशेबानुसार त्या काळात देशात एक लाखाहून जास्त माणसं ‘मिसा’ आणि भारत संरक्षण कायद्याखाली आत होती. यात संघ-जनसंघवाले होते तसे समाजवादी होते, डावेही होते. आणि १९७७ च्या निवडणुकीत बीडनं लोकसभेवर कोणाला पाठवलं? मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. आजच्या बीडच्या राजकारणाकडे बघून हे पटकन खरं वाटत नाही, पण आहे.

अटक झाली तर कोर्टात जाता येतं, असं आपण गृहीत धरतो. तेव्हा तेच बंद झालं. नऊ उच्च न्यायालयांनी बंदींच्या याचिका ऐकता येतात असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक मतानं ते फिरवलं. सुनावणीत न्या. एच. आर. खन्ना यांनी विचारलं, की पोलिसानं वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर? सरकारी बाजूचं उत्तर होतं की आणीबाणी असेपर्यंत दाद मागता येणार नाही. ते एक मत खन्नांचं. पुढे ज्येष्ठ असूनही सरन्यायाधीशपद त्यांना मिळालं नाही.

यानंतर १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली. ‘अंतर्गत अशांतता’ हा ढगळ शब्द गेला, त्या जागी ‘सशस्त्र उठाव’ आला. जगण्याचा हक्क, कलम २१, आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं ठरलं. महिन्याभरात संसदेची विशेष बहुमतानं मंजुरी हवी. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही करायची नाही. थोडक्यात, कलम ३५२ साठी नियम १२ चा दरवाजा बंद.

कलम ३५६ साठी मात्र तशी लेखी अट नाही. म्हणूनच २०१९ ची पहाट शक्य झाली. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी तर हा फरक पाठच करून ठेवावा, एमपीएससीत उपयोगी पडेल. पण परीक्षा नसली तरी तो कळायला हवा.

हे कलम कागदावरच राहील अशी आशा डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत बोलून दाखवली होती. प्रत्यक्षात ते शंभराहून अधिक वेळा वापरलं गेलं. आणि यात कुठलाच पक्ष धुतल्या तांदळाचा नाही. १९७७ मध्ये जनता सरकारनं काँग्रेसची नऊ राज्य सरकारं घालवली, १९८० मध्ये इंदिरा गांधींनी नऊ राज्यांत परतफेड केली. त्यातच १७ फेब्रुवारी १९८० ला शरद पवारांचं पुलोद सरकार गेलं. १९९४ च्या बोम्मई निकालानं हे प्रकार बरेच आवरले: बहुमत सभागृहातच मोजायचं, आणि राजवट कोर्टात तपासता येते. राष्ट्रपती एकदा शिफारस परत पाठवू शकतात, के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशची पाठवली होती. नोव्हेंबर २०१९ मध्येही सर्वोच्च न्यायालयानं लगेच बहुमत चाचणी सांगितली आणि देवेंद्र फडणवीस यांनी त्याआधीच राजीनामा दिला.

त्या अकरा दिवसांत इकडे काय चाललं होतं? अवकाळीनं सोयाबीन-कापूस भिजला होता. मुंबईत मुख्यमंत्री नव्हते, त्यामुळे मुख्यमंत्री सहायता निधीच्या वैद्यकीय कक्षाचं काम थांबलं. उपचारासाठी अर्ज केलेले पेशंट ताटकळले. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी मदत जाहीर केली: खरीप पिकांना हेक्टरी ८ हजार, फळबागांना १८ हजार, मर्यादा दोन हेक्टर. सोबत नुकसान झालेल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या मुलांची परीक्षा फी माफ. ही रक्कम पुरेशी आहे का, हे विचारायला विधानसभा भरलेली नव्हती. निवडून दिलेल्या २८८ आमदारांचा शपथविधीही तोवर झाला नव्हता.