अर्जच नाही, तर अधिकारी कसे होणार?

करकंब हे पंढरपूर तालुक्यातले बाजारपेठेचे मोठे गाव. अशा गावांतल्या शाळांत, दवाखान्यांत, तलाठी कार्यालयांत आणि पोलीस ठाण्यांत आपल्या समाजाची माणसे शिक्षक, परिचारिका, लिपिक, शिपाई म्हणून नोकरी करताना दिसतात. ही बाबासाहेबांची कमाई आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेही आहे. पण आमचा प्रश्न पुढचा आहे. ज्या खुर्चीवर रुजू झालो त्याच खुर्चीवरून निवृत्त होणारे किती आणि फाईलवर अखेरची सही करणाऱ्या खुर्चीपर्यंत पोहोचणारे किती?

करकंबच्या शेजारच्या पंढरपुरात १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले. पण देवळाचे दार उघडल्याने कचेरीचे दार उघडत नाही, हे बाबासाहेबांनी त्याच्या कितीतरी आधी ओळखले होते. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी २९ ऑक्टोबरला व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यानंतर १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. १९४६ मध्ये त्या १२.५ टक्के झाल्या. कायदा चांगला असून भागत नाही, तो राबवणारा हात कोणाचा हेही महत्त्वाचे, हा त्यामागचा विचार. म्हणजे प्रश्न नुसत्या पोटापाण्याचा नव्हता, कारभारातल्या वाट्याचा होता.

हा वाटा बढतीतून मिळतो. म्हणूनच १९९५ मध्ये ७७वी घटनादुरुस्ती होऊन कलम १६(४अ) आले. त्याने अनुसूचित जाती-जमातींना बढतीत आरक्षण देण्याचा मार्ग मोकळा झाला. २००० सालच्या ८२व्या दुरुस्तीने बढतीच्या परीक्षांत गुणांची सवलत देण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने मागासवर्गीयांना बढतीत ३३ टक्के आरक्षण लागू केले. ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. शासन सर्वोच्च न्यायालयात गेले खरे, पण ७ मे २०२१ रोजी त्याच शासनाने बढतीची सर्व पदे २५ मे २००४ च्या सेवाज्येष्ठतेप्रमाणे भरण्याचा आदेश काढला. नागराज प्रकरणात २००६ साली न्यायालयाने प्रतिनिधित्व अपुरे असल्याची आकडेवारी मागितली. जर्नेलसिंग प्रकरणात २०२२ साली ती संवर्गनिहाय हवी असे सांगितले. ही आकडेवारी गोळा करणे कोणाचे काम? शासनाचे! शासनाने कसूर करायची आणि शिक्षा मागासवर्गीय कर्मचाऱ्याने भोगायची, हा कुठला न्याय?

ही लढाई न्यायालयात आणि रस्त्यावर लढावीच लागेल. पण जी वाट उघडी आहे तिच्यावरून आपण चालतो का? खातेनिहाय अर्हता परीक्षा असतात. हवालदाराला फौजदार आणि शिक्षकाला केंद्रप्रमुख करणाऱ्या विभागीय मर्यादित परीक्षा निघतात. नेतृत्व विकासाची प्रशिक्षणे होतात. परिपत्रक येते, फाईलला लागते आणि मुदत संपल्यावर आपल्या माणसाला कळते. कळले तरी 'साहेब अर्ज पुढे पाठवतील का', 'बदली लांब झाली तर', 'आहे ते बरे आहे' म्हणून तो गप्प बसतो. ही भीती हवेतून आलेली नाही, ती अनुभवातून आलेली आहे. तरीही आमचे सांगणे आहे की अर्ज करा! अर्ज फेटाळला गेला तर लेखी कारण मागता येते, दाद मागता येते. न केलेल्या अर्जावर कोणतेही न्यायालय न्याय देऊ शकत नाही.

अर्जाची तयारी जाहिरात निघाल्यावर करून चालत नाही. ती रुजू झाल्याच्या दिवसापासून करावी लागते. सेवापुस्तकातल्या नोंदी दरवर्षी पाहा. जातवैधता प्रमाणपत्राची नोंद झाली का तपासा. सेवाज्येष्ठता यादीत नाव चुकले असेल तर मुदतीत लेखी हरकत घ्या. गोपनीय अहवालातला शेरा मागून घ्या. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देवदत्त प्रकरणात दिला आहे. बिंदुनामावली दाखवत नसतील तर माहितीचा अधिकार वापरा. अर्ज दिला की पोच घ्या. आणि अर्जात 'मी गरीब, मागासलेला, कृपा करावी' अशी विनवणी नको. साथीच्या काळात वस्तीवर जाऊन काम केले, शाळा सोडलेली मुले परत आणली, वर्षानुवर्षे तुंबलेली प्रकरणे निकाली काढली, हे आकड्यांसह लिहा. हेच नेतृत्व आहे! आपल्या माणसाला ते नेतृत्व वाटत नाही, कारण त्याला आजवर कोणी तसे सांगितलेच नाही.

शासनाकडेही आमची मागणी आहे. पुण्याची बार्टी स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेते. नोकरीत लागलेल्या मागासवर्गीय कर्मचाऱ्यांसाठीही बढतीपूर्व आणि नेतृत्व प्रशिक्षणाची कायमस्वरूपी योजना तिने व यशदाने मिळून चालवावी. तिचे वर्ग तालुक्याच्या गावी भरावेत आणि अर्ज कर्मचाऱ्याला थेट करता यावा. ज्या साहेबाविरुद्ध गाऱ्हाणे आहे त्याच साहेबाच्या शिफारशीवर प्रवेश ठरणार असेल, तर ती योजना कागदावरच राहील.

शेवटी वर पोहोचलेल्या बांधवांना दोन शब्द. पुण्याच्या संरक्षण खात्यातील दीनाभाना हे चतुर्थ श्रेणी कर्मचारी. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या जयंतीची सुटी रद्द झाली म्हणून ते उभे राहिले. त्यांच्या लढ्याने कांशीरामजी जागे झाले आणि पुढे १९७८ मध्ये बामसेफ उभी राहिली. चतुर्थ श्रेणीचा माणूस एवढे करू शकतो, तर प्रथम श्रेणीच्या अधिकाऱ्याने आपल्या खात्यातल्या दोन कनिष्ठांना परिपत्रक दाखवू नये? त्यांचा अर्ज वाचून देऊ नये? बाबासाहेबांनी शासनकर्ती जमात व्हा म्हणून सांगितले. त्याची एक वाट मतपेटीतून जाते, दुसरी कचेरीतून. करकंबच्या कर्मचाऱ्याने ही दुसरी वाट दुसऱ्यांसाठी सोडून देऊ नये.

जय भीम!