मनांतला राम आणि पडद्यावरचा राम

एखाद्या आवडत्या ग्रंथाचा चित्रपट निघाला म्हणजे सारें घर उत्साहानें तो पाहावयास जातें. परत आल्यावर मंडळींचे अभिप्राय मात्र ऐकण्यासारखे असतात. आजोबा म्हणतात, "हा आमचा राम नव्हेच." सूनबाई म्हणतात, "सीतेच्या वाट्याला बोलणें तें काय ठेवलें आहे?" आणि शाळेंत जाणारा नातू म्हणतो, "पुस्तकांत हें असें मुळींच नाहीं!" तिघांच्या तक्रारी निराळ्या, पण निराशा एकच. ती दर वेळीं पदरीं कां पडते, याचा विचार करावा म्हणून हा लेख.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, पैसा पुरेसा ओतला, यंत्रें अद्ययावत् आणलीं आणि नट नामांकित घेतले, म्हणजे महाकथा पडद्यावर आपोआप उभी राहील. गेल्या शंभर वर्षांचा अनुभव बहुधा याच्या उलट आहे. जें चित्र वाचकापाशीं आधींच फुकट असतें, त्यावर निर्माता आपला खजिना रिता करतो; आणि जी वाणी व जो अवकाश केवळ ग्रंथापासून मिळतो, तेथें मात्र तो हात आखडता घेतो. निराशेचें मूळ येथें आहे, असें आम्हांस वाटतें.

या विचारास आरंभ करण्यास सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यांतील वेळापूर हें गांव फार सोयीचें आहे. अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन देवालयामुळें हें गांव प्रसिद्ध आहे. आणि आषाढी वारींत ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरस सोडून पुढें निघाली म्हणजे तिचा मुक्काम येथें पडतो. गांवाच्या अलीकडे एक उतार लागतो. तुकोबांना येथूनच विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते धांवत सुटले, अशी परंपरागत श्रद्धा आहे. तिला अनुसरून दिंड्या आजहि त्या उतारावर 'धावा' करतात. पंढरपूर तेथून हांकेच्या अंतरावर नाहीं. मध्यें भंडीशेगांव व वाखरी हे दोन मुक्काम उरलेले असतात. चर्मचक्षूंना कळस दिसो वा न दिसो, धांवणाऱ्या प्रत्येकाच्या मनाला तो दिसत असतो. त्याच ठिकाणीं मानाचें भारूडहि होतें. भारूडांत एक पुरुष डोक्यावर पदर घेतो आणि पाहणाऱ्यांना सासुरवाशीण दिसूं लागते. तोच क्षणांत खांद्याला झोळी अडकवितो आणि जोशी होतो. तेथें पडदा नाहीं, देखावा नाहीं. उरलेलें सारें काम प्रेक्षकाचें मन करतें, आणि त्या कामांत चूक काढावयास जागाच राहत नाहीं. कारण त्या चित्राचा चितारी प्रेक्षक स्वतःच असतो.

याच जिल्ह्यांतील सांगोल्याजवळचें नाझरें हें श्रीधरकवींचें गांव. १७०२ सालीं 'हरिविजय', १७०३ सालीं 'रामविजय' आणि १७१२ सालीं 'पांडवप्रताप' असे त्यांचे ग्रंथ सिद्ध झाले. पाश्चात्त्य देशांत ज्याला आज अद्भुतरम्य महाकथांची मालिका म्हणतात, ती आपल्याकडे घरोघरीं अशी शतकानुशतकें नांदत आली. चातुर्मासांत रोज एक अध्याय लावावयाचा. वाचणारा एक, ऐकणारीं दहा. माजघरांत वाती वळीत बसलेल्या आजीचा कुंभकर्ण निराळा आणि ओटीवर बसलेल्या नातवाचा निराळा. अध्याय संपला कीं पोथी बांधून ठेवावयाची. पुढची कथा उद्यां. या 'उद्यां'मध्येंच कथेचें निम्में सामर्थ्य होतें. रात्रभर ती श्रोत्याच्या मनांत मुरत असे.

चित्रपटाचा उदय झाला तो अशा श्रोत्यांपुढें. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस दाखविला आणि १९१७ सालीं 'लंकादहन' काढला. 'लंकादहना'त साळुंके या एकाच नटानें राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. आज यांत हंसण्यासारखें पुष्कळ वाटेल. परंतु त्या वेळचे प्रेक्षक हंसले नाहींत. पडद्यावर राम दिसतांच त्यांचे हात जोडले जात. चित्र मुकें होतें, रंगहीन होतें, तोकडें होतें. म्हणूनच प्रेक्षकाच्या मनाला तेथें काम उरलें होतें. रामाची वाणी त्यानें घरून आणलेली असे आणि रंगहि त्यानेंच भरावयाचे असत.

रंगाची गोष्ट निघालीच आहे, तर एकच कथा दोन ठिकाणीं कशी उतरली तें पाहूं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें 'कीचकवध' नाटक १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांत लॉर्ड कर्झन यांचें नांव कोठेंहि नव्हतें; तरी कीचकाच्या ठिकाणीं लोकांना तेच दिसले आणि सैरंध्रीच्या ठिकाणीं परतंत्र मातृभूमि दिसली. हें दिसणें इतकें प्रखर होतें कीं, सरकारनें १९१० सालीं नाटकावर बंदी घातली. पुढें १९३३ सालीं प्रभात कंपनीनें तीच कथा 'सैरंध्री' या नांवानें पडद्यावर आणली. शांतारामबापूंनीं ती रंगीत करण्याचा घाट घातला व त्यासाठीं थेट जर्मनी गांठली. हिंदुस्थानांत अशा प्रयत्नाचे ते अग्रदूत होत, यांत शंका नाहीं; परंतु रंग मनासारखे उतरले नाहींत आणि एवढा खटाटोप फुकट गेला. रंगभूमीवर प्रेक्षकांनीं स्वतःच्या मनानें भरलेला रंग सरकारला भिववूं शकला. प्रयोगशाळेंत भरलेला रंग प्रेक्षकालाहि रिझवूं शकला नाहीं.

उलट त्याच प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' पाहा. दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेल्या या साध्या, कृष्णधवल चित्रपटाचा गौरव व्हेनिसच्या महोत्सवांत झाला. त्यांतहि चमत्कार आहेत आणि शेवटीं वैकुंठाचें विमानहि आहे. पण पाहणाऱ्याच्या स्मरणांत विमानापेक्षां, संसारानें कावलेली, नवऱ्यावर चिडणारी आणि त्याच्याचसाठीं डोंगर चढणारी आवली अधिक राहते. चमत्कार तोंडीं लावण्यापुरते आणि माणूस पोटभर, असें त्या चित्रपटाचें ताट वाढलेलें आहे.

आतां अलीकडचें उदाहरण घेऊं. १६ जून २०२३ रोजीं 'आदिपुरुष' प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक ओम राऊत हे मराठी; 'लोकमान्य' आणि 'तान्हाजी' या त्यांच्या चित्रपटांमुळें महाराष्ट्राच्या अपेक्षा वाढलेल्या होत्या. हनुमंताची भूमिकाहि देवदत्त नागे या मराठी नटाकडे होती. २०२२च्या ऑक्टोबरांत अयोध्येस चित्रपटाची झलक दाखविण्यांत आली, तेव्हां संगणकानें काढलेली ती सृष्टि व तो रावण लोकांस रुचला नाहीं. म्हणून जानेवारीचें प्रदर्शन जूनवर ढकलून चित्रकामावर पुन्हा मेहनत घेण्यांत आली. प्रत्येक चित्रगृहांत एक आसन हनुमंतासाठीं राखून ठेवण्याचेंहि जाहीर झालें. आसन राखलें, वाणी मात्र राखली नाहीं. त्याच हनुमंताच्या तोंडीं चव्हाट्यावरची भाषा घातली गेली. देशभर ओरड झाली, थोड्याच दिवसांत संवाद बदलावे लागले आणि प्रकरण अलाहाबादच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. झलक पाहून लोक चित्रांवर रागावले होते. पण पूर्ण चित्रपट पाहिल्यावर सर्वांत मोठा राग वाक्यांवर निघाला. वाल्मीकिरामायणांत राम व हनुमान यांची पहिली भेट होते, तेव्हां राम लक्ष्मणापाशीं हनुमंताच्या बळाची नव्हे, तर भाषेची स्तुति करतो. एवढें बोलून एकहि अपशब्द याच्या तोंडून आला नाहीं, याचें त्याला कौतुक वाटतें. ज्याची पहिली ओळखच शुद्ध वाणीनें झाली, त्याच्या अंगावरचा केस न् केस संगणकानें हालवून दाखविला, तरी वाणी गेल्यावर तो हनुमंत कसा राहील? महिनोन् महिने दुरुस्ती चालली ती चित्रांची. ज्याला फारसा खर्च लागला नसता तें भाषेचें काम तसेंच राहिलें.

हें दुःख एकट्या आपल्याच वाट्याला आलें आहे, असें नव्हे. इंग्रज पंडित टॉल्किन यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही महाकथा १९५४-५५ सालीं तीन खंडांत प्रसिद्ध झाली. पीटर जॅक्सन यांनीं २००१ ते २००३ या काळांत तिचे तीन चित्रपट काढले; तिसऱ्यास अकरा ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. जगानें वाहवा केली. पण बापाचे कागद आयुष्यभर संपादित करीत बसलेले पुत्र ख्रिस्तोफर टॉल्किन यांस ते रुचले नाहींत. तरुणांसाठीं नुसती धामधूम उरली व ग्रंथाचें गांभीर्य गेलें, अशा आशयाची खंत त्यांनीं २०१२ सालीं एका फ्रेंच वृत्तपत्रापाशीं बोलून दाखविली. युद्ध जिंकून घरीं परतलेल्या वीरांना स्वतःचेंच गांव उद्ध्वस्त झालेलें दिसतें, हें ग्रंथाच्या शेवटचें मर्मभेदी प्रकरण चित्रपटांत गाळलेलें आहे. पुढें 'हॉबिट' या १९३७ सालच्या एका आटोपशीर बालपुस्तकाचे मात्र त्याच दिग्दर्शकानें तीन लांबलचक चित्रपट केले. मोठा ग्रंथ कातरला, लहान ताणला. दोन्हीकडे माप चुकलें.

आपल्या मुलांच्या हातीं मराठींतहि आलेल्या हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांत पांचवें सर्वांत जाड. त्याचा चित्रपट मात्र सुमारें सव्वादोन तासांत आटोपला. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची तऱ्हा याहून दुःखद आहे. 'अर्थसी' या काल्पनिक द्वीपसमूहाच्या कथांतील आपला नायक त्यांनीं बुद्ध्याच तांबूस सांवळ्या वर्णाचा रंगविला होता. २००४ सालच्या दूरचित्रवाणीवरील रूपांतरांत तो गोरा झाला! बाईंनीं जाहीर निषेध नोंदविला. सांवळ्या वर्णाच्या ज्या मुलांना त्या कथेंत प्रथमच आपल्यासारखा वीर भेटला होता, त्यांच्याकडून तो पडद्यानें काढून घेतला.

मग महाकथेनें पडद्यावर येऊंच नये काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. १९८७-८८ सालीं रामानंद सागर यांचें 'रामायण' दूरदर्शनवर ७८ भागांत आलें. त्यांतील बाण कागदी वाटत आणि राक्षसांची शिंगें उसनी. तरी रविवारीं सकाळीं रस्ते ओस पडत. त्याला वेळ होता आणि वाणी होती. आठवडाभर थांबावयास लागे, म्हणजे पोथीचें तें 'उद्यां' पुन्हा घरांत आलें होतें. त्याहून मोठें उदाहरण आपल्या मराठीचें. १९५५ सालच्या एप्रिलपासून पुणें आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकर यांचें 'गीतरामायण' आठवड्यास एक याप्रमाणें वर्षभर चाललें. छप्पन्न गीतें आणि सुधीर फडके यांचें संगीत. चित्र एकहि नव्हतें. म्हणूनच, हा राम आमचा नव्हे, असें म्हणण्याची वेळ कोणावर आली नाहीं. शब्द कवीचे, स्वर गायकाचे आणि रूप ज्याचें त्याचें, अशी त्या रामाची वांटणी झाली होती.

चित्रपटकारांची बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. तीन तासांत सारा ग्रंथ बसत नाहीं. कांहीं गाळणें त्यांना भागच असतें. शिवाय चित्रपट पाहून मूळ ग्रंथ शोधीत येणारे वाचकहि असतात, आणि तो लाभ थोडा नव्हे. तेव्हां गाळलें याबद्दल आमची तक्रार नाहीं. काय गाळलें, याबद्दल आहे. युद्धाचा एक प्रहर कमी झाला तर कोणी रडणार नाहीं. युद्धानंतरची शांतता, वनवासांतील एखादी संध्याकाळ, थोरल्यानें धाकट्यास समजावून सांगितलेलीं दोन वाक्यें गेलीं, म्हणजे कथेचा प्राण गेला.

या सर्वांत मोठी जोखीम आहे ती मुलांची. प्रौढ माणसाच्या मनांत राम आधींच घर करून बसलेला असतो. पडद्यावरचा राम न आवडला तर तो निराश होऊन घरीं येतो, पण रिकाम्या मनानें येत नाहीं. लहान मुलाचें तसें नाहीं. ज्यानें कथा ऐकण्यापूर्वींच चित्रपट पाहिला, त्याच्या मनांत एका नटाचा चेहरा कायमचा बसतो. मग पुढें 'रामविजय' उघडला काय किंवा वाल्मीकि उघडले काय, ओळीओळींतून तोच चेहरा डोकावतो. त्याला निराशाहि वाटत नाहीं, कारण ताडून पाहण्यास त्याच्यापाशीं स्वतःचें चित्रच नसतें. निराश होणाऱ्या नातवापेक्षां निराश न होणाऱ्या नातवाची काळजी आम्हांस अधिक वाटते.

उपाय खर्चाचा नाहीं. आधीं ग्रंथ, मग चित्रपट, एवढाच क्रम घरांत पाळावा. रात्रीं जेवणें झाल्यावर पाऊण तास एकानें मोठ्यानें वाचावें आणि बाकीच्यांनीं ऐकावें. श्रीधर वाचा, हॅरी पॉटर वाचा. नियम दोघांनाहि एकच. रंगांत आलेलें प्रकरण अर्ध्यावर थांबवावें व मुलांना विचारावें कीं, तुझा राक्षस कसा दिसतो? तुझी लंका केवढी? पांच मुलें पांच लंका सांगतील. त्या सर्व खऱ्या मानाव्या. मुलांनीं त्या कागदावर काढल्या तर कागद जपून ठेवावे. त्यानंतर खुशाल सर्वांनीं मिळून चित्रपटास जावें. परत आल्यावर मुलगा कुरकुरला कीं हें माझ्या लंकेसारखें नाहीं, तर वडील माणसांनीं वाईट वाटून घेऊं नये. त्याची लंका शाबूत आहे, एवढाच त्या कुरकुरीचा अर्थ.