‘अवडंबर’ शब्दाचा अर्थविचार

पोकळ व अभिरुचिहीन दिखाऊपणास मराठींत ‘अवडंबर’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘आडंबर’ शब्दापासून आला, हें सर्वश्रुत आहे. परंतु मूळ शब्दाचा अर्थ दिखाऊपणा नव्हे, याकडे पोथ्या वाचणारांचें लक्ष क्वचितच जातें.

मुळांत हें एका वाद्याचें नांव. वाजसनेयी संहितेच्या ३० व्या अध्यायांत पुरुषमेधाच्या यादींत ‘आडंबराघात’ म्हणजे तें वाद्य वाजविणारा येतो. अमरसिंहानें तूर्याचा घोष व गजांची गर्जना असे अर्थ दिले आहेत. पुढें हा नाद काव्यचर्चेंत शिरला. ७ व्या शतकांतील बाणानें हर्षचरिताच्या आरंभीं गौडदेशीयांच्या ठिकाणीं ‘अक्षरडंबर’ असतो असें म्हटलें. १४ व्या शतकांतील विश्वनाथानें साहित्यदर्पणांत गौडी रीतीच्या लक्षणांतच ‘आडंबर’ शब्द घातला. तेथें निंदा अभिप्रेत नाहीं. तें केवळ लक्षण आहे. निःसार वस्तूचाच आडंबर मोठा, काशासारखा आवाज सोन्यास नसतो, अशा आशयाचें एक सुभाषित आहे. त्यांत मात्र नाद व पोकळपणा यांची गांठ पडलेली स्पष्ट दिसते.

मराठींत येतांना पुल्लिंगी शब्द नपुंसकलिंगी झाला आणि निंदा त्यास कायमची चिकटली. डौल स्तुतीसही चालतो. भपक्यामागें खरी संपत्ति असूं शकते. अवडंबर मात्र ‘माजवावें’ लागतें, मग तें सोवळ्याचें असो कीं पांडित्याचें. ‘मेघडंबरी’ या शब्दास तेवढा हा डाग लागला नाहीं. रायगडावर सिंहासनाच्या जागीं आज जी आहे, तिचें नांव आपण आदरानेंच घेतों.

यावरून संग्राहकांस दोन सूचना. युद्धवर्णनांत ‘आडंबर’ आढळल्यास प्रथम रणवाद्यांचा घोष हा अर्थ लावून पहावा. तसेंच मराठी पोथींतील ‘अवडंबर’ खोडून ‘आडंबर’ करूं नये. तो लेखकाचा प्रमाद नसून भाषेचें रूप आहे. शाळेंत असतां आम्हीं हेंच रूप अशुद्ध ठरवून अनेक वर्षें विद्यार्थ्यांचे गुण कापले. तें शुद्धतेचें अवडंबर होतें, हें आज कबूल केलें पाहिजे.