काळ्या जमिनीवरील गट्टूंचे अंगण : खचण्याची कारणमीमांसा आणि दुरुस्ती
(चांदूर बाजार परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार हे तालुक्याचे ठिकाण सातपुड्याच्या दक्षिणेस, पूर्णा नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. कपाशी, तूर आणि संत्रा या पिकांना आधार देणारी या भागातील काळी जमीन शेतीसाठी कसदार, परंतु बांधकामासाठी अवघड मानली जाते. पूर्वी घरापुढील अंगण शेणामातीने सारवलेले असे. जमिनीला भेग पडली तर पुढच्या सारवणात ती बुजून जाई. आता घरे, शाळा, महाविद्यालये आणि मंदिरे यांच्या आवारात सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, म्हणजेच बोलीतील ‘गट्टू’, बसविले जातात. उन्हाळ्यात सपाट दिसणारे हे अंगण पहिल्याच पावसाळ्यानंतर जागोजागी खचते, पाणी साचते आणि वृद्धांना ठेच लागून पडण्याचे भय निर्माण होते. अशा वेळी खचलेले गट्टू उचलून खाली रेती टाकण्याचा उपाय सर्रास केला जातो. परंतु पुढील वर्षी तीच जागा पुन्हा बसते. दोष गट्टूत नसून त्याखालील थरांत आणि तेथे पोहोचणाऱ्या पाण्यात असतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी निदान आवश्यक ठरते.

गट्टूंच्या फरसबंदीची रचना

दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये विटांची टंचाई निर्माण झाली, तेव्हा फरसबंदीसाठी काँक्रीटचे ठोकळे वापरात आले. भारतात या पद्धतीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने 2004 मध्ये मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि 2006 मध्ये ठोकळ्यांसाठी आयएस 15658 हे मानक आले.

या रचनेत चार घटक असतात : सर्वांत खाली दाबलेली मूळ जमीन, त्यावर मुरूम किंवा गिट्टीचा पाया, त्यावर रेतीची पातळ गादी आणि शेवटी गट्टू. गट्टूंच्या सांध्यांत भरलेली बारीक रेती एका गट्टूवरील भार शेजारच्या गट्टूंवर पसरविते, तर कडेची काँक्रीटची किनार सर्व गट्टूंना आवळून धरते. रेतीची गादी साधारणतः 20 ते 40 मिलिमीटर जाडीची आणि सर्वत्र सारखी असावी लागते. तिचे काम गट्टू बसविणे एवढेच आहे. खड्डा भरणे हे तिचे काम नव्हे. एका जागी गादी जाड झाली की तेथील रेती पुढे अधिक दबते आणि गट्टू पुन्हा खाली जातो.

काळ्या जमिनीचे वर्तन

दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून तयार झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकणखनिजांचे प्रमाण मोठे असते. या खनिजांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, पाणी निघून गेले की आकसते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत जमिनीला खोल भेगा पडतात. बहुतेक अंगणांची कामे नेमकी याच काळात, पावसापूर्वी उरकली जातात. भेगाळलेल्या जमिनीवर पातळ मुरूम आणि त्यावर रेती टाकली, तर ती रेती हळूहळू भेगांत उतरते. पाऊस सुरू झाल्यावर सांध्यांतून झिरपलेले पाणीही त्याच भेगांत शिरते. जेथे पाणी पोहोचते तेथील माती फुगते आणि मऊ पडते. जेथे पोहोचत नाही ती तशीच राहते. या असमान हालचालीमुळे अंगण लाटांसारखे वरखाली होते.

खचण्याच्या आकारावरून निदान

खचलेल्या भागाचा आकार कारणाकडे बोट दाखवितो. पावसानंतर साचलेल्या पाण्याची कड खडूने आखून घेतल्यास हा आकार स्पष्ट होतो.

1. सरळ, लांब पट्टा खचल्यास त्याखाली नळाची किंवा सांडपाण्याची नाली खोदून ती नीट न दाबता बुजविलेली असण्याचा संभव अधिक.
2. पागोळीखाली किंवा नळाजवळ खड्डा पडल्यास पाण्याने रेती वाहून नेलेली असते.
3. कडेचे गट्टू सुटून सांधे रुंदावल्यास किनार नाही किंवा ती हललेली आहे असे समजावे.
4. वाहनांच्या चाकांच्या मार्गावर दोन चाकोऱ्या उमटल्यास पाया अपुरा असतो.
5. पावसाळ्यात उचलला जाणारा आणि उन्हाळ्यात बसणारा भाग फुगणाऱ्या मातीची खूण होय. मोठ्या झाडाजवळील जमीन मुळांनी ओलावा शोषल्यामुळेही आकसते.

यानंतर तीन-चार गट्टू उचलून पाहावेत. रेती नाहीशी झाली असल्यास ती वाहून गेली किंवा भेगांत उतरली आहे. रेतीत काळा चिखल मिसळला असल्यास खालची ओली माती दाबामुळे वर आली आहे. रेती कोरडी व एकसारखी असल्यास दोष पायात किंवा त्याखाली आहे.

मातीची फुगण्याची क्षमता महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही तपासता येते. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली 10 ग्रॅम कोरडी माती एका मोजपात्रात ऊर्ध्वपातित पाण्यात व तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकून किमान 24 तास ठेवावी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दोन्ही घनफळांतील फरकाला रॉकेलमधील घनफळाने भागून 100 ने गुणल्यास मुक्त फुगवटा निर्देशांक मिळतो. तो 50 टक्क्यांहून अधिक असल्यास केवळ रेती बदलणारी दुरुस्ती टिकणार नाही.

दुरुस्तीची पद्धती

प्रथम पाण्याचा बंदोबस्त करावा. पागोळीचे पाणी पन्हाळीने दूर न्यावे, गळती थांबवावी आणि अंगणाला घरापासून बाहेर 50 ला 1 असा उतार द्यावा. म्हणजे 3 मीटर रुंद अंगणाच्या दोन कडांत 6 सेंटिमीटर फरक हवा.

त्यानंतर खचलेल्या भागाच्या भोवती चांगल्या जागेतील दोन-तीन ओळींपर्यंत गट्टू उचलावेत. जुनी रेती आणि चिखल काढून टाकावा. नालीवरील भराव असल्यास तो पूर्ण उकरून 10 ते 15 सेंटिमीटरच्या थरांत, किंचित पाणी शिंपडून, धुम्मस किंवा यंत्राने दाबावा. उंची पायाच्या थरातच जुळवावी. रेतीची गादी सर्वत्र सारखी ठेवावी. गादीसाठी जाड, धुतलेली रेती वापरावी. खडीची चुरी स्वस्त मिळते, परंतु तिच्यातील भुकटी पाणी धरून ठेवते व भाराखाली तिचा लगदा होतो. गट्टू बसविल्यावर कंपन देऊन सांध्यांत कोरडी बारीक रेती भरावी आणि काही आठवड्यांनी ती पुन्हा पुरवावी.

माती फुगणारी असल्यास आणखी खोल जावे लागते. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या जमिनीवर दीर्घ संशोधन करून न फुगणाऱ्या चिकट मातीच्या थराची पद्धत मांडली. कालव्यांच्या अस्तरीकरणात तिचा उपयोग झाला. त्यातून अंगणासाठी घेण्याजोगा बोध असा की, काळी माती काढून तेथे नुसती रेती भरू नये. रेतीचा खड्डा पाण्याची टाकी बनतो व खालची माती सतत भिजवितो. त्याऐवजी न फुगणारा, बांधून येणारा मुरूम थराथराने दाबावा.

दुसरा मार्ग चुन्याचा आहे. विरलेल्या चुन्यातील कॅल्शियम चिकणखनिजांवरील सोडियमची जागा घेते आणि मातीचा फुगवटा घटतो. मातीच्या कोरड्या वजनाच्या 3 ते 5 टक्के चुना साधारणपणे पुरतो. 10 चौरस मीटर जागेत 15 सेंटिमीटर खोलीपर्यंत 4 टक्के चुना मिसळायचा झाल्यास सुमारे 90 किलो लागेल. मिसळताना डोळे व त्वचा झाकावी. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा असल्याने एक दक्षता महत्त्वाची ठरते : मातीत सल्फेट अधिक असल्यास चुन्याशी अभिक्रिया होऊन एट्रिंगाइट तयार होते व माती उलट फुगते. म्हणून चुन्यापूर्वी सल्फेटची तपासणी करावी.

दुरुस्तीसाठी दसरा-दिवाळीनंतरचा काळ योग्य. तेव्हा माती चिखल नसते आणि भेगाळलेलीही नसते. मध्यम ओलाव्यात ती उत्तम दाबली जाते.

समारोप

गट्टूंचे अंगण उचलून पुन्हा बसविता येते, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु या सोयीमुळेच वरवरच्या दुरुस्तीची सवय लागते आणि त्याच जागेवर दरवर्षी खर्च होतो. फुगवटा-परीक्षेला दोन मोजपात्रे व थोडे रॉकेल पुरते; निविदा काढण्यापूर्वी ही परीक्षा झाली, तर कंत्राटदाराकडून पायाच्या जाडीची, दाबणीची आणि उताराची अट लेखी मागता येईल. गट्टूंचा रंग व नक्षी निवडण्याआधी खालची जमीन तपासणे, हाच काळ्या मातीच्या प्रदेशात टिकाऊ आणि काटकसरीचा मार्ग होय.